पहिली ओंजळ

१

आमच्या गावात पाहण्यासारखी चार ठिकाणं आहेत, असं आमच्या पर्यटन ऑफिसच्या पत्रकात छापलंय. मला विचाराल तर त्यातली तीन लांबूनच पाहावीत आणि घरी जाऊन साबणाने हात धुवावेत.

पहिलं दीपगृह. त्याच्या गोल जिन्याला लोखंडी कठडा आहे. येणारा प्रत्येक माणूस धापा टाकत, घामेजल्या हाताने तो धरून वर जातो. इतक्या वर्षांचा घाम त्याच्यावर बसलाय की हात ठेवला तर उचलताना किंचित चिकटतो. दुसरी धक्क्यावरची तोफ. आईबाप पोरांना तिच्यावर बसवून फोटो काढतात आणि जाताना तिच्या तोंडात बिस्किटांचे कागद, चघळून झालेलं च्युइंगम आणि एकदा तर भरलेलं डायपर कोंबून जातात. तिसरं संग्रहालय. तिथे काचेआड पेंढा भरलेला डॉल्फिन आहे. त्याच्या पोटाची शिवण उसवलीय आणि आतून तपकिरी भुसा गळतो. लोक तरीही काचेला नाक लावून बघतात, आणि त्या नाकांचे तेलकट ठसे संध्याकाळपर्यंत तसेच राहतात.

मी गाईड आहे. या चार ठिकाणी लोकांना फिरवून माझे केस पांढरे झाले, पण किळस काही मेली नाही. बेटावर नेणारा बोटवाला मला ‘नाकमुरडे’ म्हणतो. ते मला इतकं चिकटलंय की ऑफिसातल्या नव्या लोकांना ते माझं खरंच आडनाव वाटतं.

चौथं ठिकाण म्हणजे बेटावरचा किल्ला. तेवढा एक मला मनापासून आवडायचा, आणि त्याचं कारण म्हणजे तिथलं गोडं टाकं. किल्ल्याच्या मधोमध एका दगडी कमानीखाली अरुंद जिना उतरतो आणि सरळ पाण्यात शिरतो. चारी बाजूंना खारा समुद्र, आणि आत हे गोडं पाणी. कुठून येतं, कुणाला ठाऊक नाही. तिथे भांडं बुडवायचं नाही, ओंजळीनेच प्यायचं, आणि पहिली ओंजळ गाईडने घ्यायची, अशी पद्धत. माणूस अनोळखी पाण्याला बिचकतो. समोर कुणीतरी पिऊन ‘आहा’ म्हटलं की त्याला धीर येतो. मीही ‘आहा’ अगदी खरं म्हणायचो. मी, जो लग्नाला जातानासुद्धा पाण्याची बाटली घरून नेतो!

२

हंगाम नुकता सुरू झाला होता. त्या दिवशी मी ओंजळ तोंडाला लावली आणि पाणी कोमट लागलं.

त्या कमानीखाली ऊन पोचत नाही. एरवी दात शिवशिवतील इतकं ते गार असतं. मी घोट गिळला, ‘आहा’ म्हटलं, आणि यंदा उन्हाळा जरा जास्तच आहे अशी स्वतःची समजूत घातली. मागचे लोक एकेक करून उतरले, प्यायले, खूश झाले.

पण दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्याही. आणि ते उन्हाने तापलेल्या पाण्यासारखं कोमट नव्हतं. माझ्या लहानपणी आमची एक मावशी गरम दूध आधी स्वतःच्या तोंडात फिरवून निववायची आणि मग मला पाजायची. बिचारी मायेने करायची. त्या दुधाची चव मी विसरलो असं मला वाटत होतं, पण टाक्याच्या जिन्यावर ती नेमकी आठवली. हे पाणी उष्टं होतं. कुणीतरी तोंडात धरून ठेवलेलं, आणि मग परत सोडलेलं.

मी ओंजळ सोडून दिली आणि बोटं फाकवली. दोन बोटांच्या मध्ये एक बारीक तार आली. ती लांबली, लोंबली आणि तुटली.

शेवाळ असेल, मी म्हटलं. नाहीतर लोक उन्हासाठी अंगाला थापतात ते मलम. शेकड्यांनी लोक रोज तिथे हात बुडवतात, त्यात कुणी नाक शिंकरलेलंही असेल. हा विचार एरवी मला दोन दिवस जेवू देत नाही. त्या दिवशी मात्र मला त्याचाच आधार वाटला.

३

त्यानंतर मी प्यायचं नाटक करू लागलो. ओंजळ ओठांपाशी न्यायची, मान मागे टाकायची, पाणी मनगटांवरून सोडून द्यायचं. हातांचं नाटक छान जमलं. तोंडाचं काही जमेना.

“तुम्हीच एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करताय,” एक बाई म्हणाल्या, “मग आम्ही कशाला प्यायचं?” त्या वर गेल्या, त्यांच्यामागे त्यांचे मिस्टर गेले, आणि मग सगळेच फोटो काढून माघारी फिरले. असं रोज होऊ लागलं. कितीतरी दिवस त्या टाक्यातलं पाणी कुणीच प्यायलं नाही. मला आत कुठेतरी बरंच वाटत होतं. फक्त जिना चढताना मागून आंबूस वास यायचा, उपाशी माणसाच्या तोंडाला येतो तसा, आणि मी पावलं उचलायचो.

मग ऑफिसच्या मॅनेजरबाईंनी बोलावलं.

“काय हो हे? लोक सांगतायत, गाईडचं तोंड बघून मळमळलं म्हणून!”

“बाई, पाणी बिघडलंय.”

“मी तपासून घेतलंय. तुमच्या नळाच्या पाण्यापेक्षा स्वच्छ आहे. अहो, लोक किल्ल्यावर जातात ते त्या पाण्यासाठीच जातात. तेच प्यायले नाहीत तर बेटावर जाऊन करायचं काय, कबुतरं बघायची?” मग त्यांचा आवाज मऊ झाला. “तुम्ही दमलाय. किल्ला थोडे दिवस तुमच्या मुलीकडे देते. घरचं काम घरातच राहिलं.”

माझी लेक तेव्हा नुकतीच घरी परतली होती. दुसऱ्या शहरात एका हॉटेलात रिसेप्शनला होती, ते हॉटेल बंद पडलं. मीच खटपट करून तिला आमच्या ऑफिसात लावलं होतं. तिची आई गेल्यापासून घरात मी एकटाच भांडी घासत बसायचो. आता कुणीतरी बडबड करायला आलं होतं. तिच्याशिवाय मला दुसरं कोणी नाही.

म्हणजे मी तोंड वाकडं केलं, आणि म्हणून ती तिथे गेली. याचा मी आजही दुसरा काही अर्थ लावू शकत नाही.

४

“तू ते पाणी पिऊ नकोस,” मी पहिल्याच दिवशी बजावलं. “ओठ ओले कर आणि सोड.”

“बाबा, तुम्ही म्हणजे ना! शेजारी कुणी शिंकलं तरी तुम्ही आपल्या चादरी धुवायला काढता.”

“अगं, तार सुटते त्याला.”

“काही नाही सुटत. गारेगार आहे.” ती बूट काढता काढता थांबली. “आणि गोड किती आहे बाबा! एका ओंजळीने भागतच नाही.”

ती लोकांना आवडली. आवडणारच. माझ्यासारखं सनावळ्या सांगत नाही ती, हसते, हात धरून म्हाताऱ्यांना जिना उतरवते. सगळे पाणी पिऊ लागले. मॅनेजरबाईंनी तिला सगळ्यांसमोर शाबासकी दिली आणि माझ्याकडे बघून भुवई उडवली.

घरी मात्र तिची भूक गेली. मी भात वाढला की ती दोन घास चिवडायची. “पोट भरलंय हो.” कशाने भरलंय, हे मी विचारत नव्हतो. माझ्या डोळ्यांसमोर ती ओंजळ यायची आणि माझंही जेवण तिथेच संपायचं.

५

एका सकाळी बोटवाला रिकामी बोट घेऊन बेटावर निघाला होता, त्याच्याबरोबर मी गेलो.

“आज काय नाकमुरडे, फुकटची हवा खायला?”

“टाकं बघायचंय. तू कधी प्यायलायस तिथलं पाणी?”

“मी?” त्याने पायाशी ठेवलेली बाटली दाखवली. “मी आपलं घरून आणतो.”

“का रे?”

“का म्हणजे? माझी बोट बाहेर, मी बाहेर.” मग तो इंजिनात काहीतरी बघू लागला आणि बेटाचा धक्का येईपर्यंत त्याने मान वर केली नाही.

किल्ल्यात कोणी नव्हतं. कबुतरं होती, त्यांची घाण होती. मी कमानीखाली गेलो आणि जिना उतरू लागलो, तर पाणी जागेवर नव्हतंच. इतकं खाली गेलं होतं की मी कधीही न पाहिलेल्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. मी मोबाईलचा उजेड पाडला. शेवटच्या काही पायऱ्या तासलेल्या दगडाच्या नव्हत्या. पिवळट होत्या, कडांना गोल होत्या आणि एकमेकींना खेटून होत्या. त्यांच्या वर छत आत वळलं होतं, आणि त्यावर आडव्या, ओल्या वळ्या होत्या. आपण टाळूवर जीभ फिरवली की लागतात, तशा. मी जीभ फिरवून बघत होतो, हे माझ्या जरा उशिराच लक्षात आलं.

पाण्याचा मारा होऊन दगड असा झिजतो. मी लोकांना स्वतःच हे सांगतो. गुहा दाखवताना सांगतो.

तेवढ्यात बाहेर दुसऱ्या बोटीचा भोंगा वाजला. पहिला घोळका आला होता. दरवाजातून त्यांचा गलका आत येऊ लागला, पोरांच्या किंकाळ्या, कुणाचं तरी हसणं. आणि माझ्या डोळ्यांदेखत पाणी वर आलं. लाट नाही, आवाज नाही. पायरीच्या कडेवर जमायचं, फुगायचं, आणि वरची पायरी घ्यायचं. मग माझ्या लेकीचा आवाज आला, “या, या, जपून उतरा,” आणि ते एकदम उसळलं. मी मागे सरलो नसतो तर बूट बुडले असते.

मी धावत वर आलो आणि भिंतीला टेकून उभा राहिलो. ती हसत माझ्या शेजारून खाली उतरली. तिने वाकून ओंजळ भरली, प्यायली, पुन्हा भरली, प्यायली. लोक टाळ्या वाजवत होते.

“भरती असेल,” परत येताना बोटवाला म्हणाला.

“ओहोटी चाललीय,” मी म्हटलं. “धक्क्याच्या पायऱ्या उघड्या पडल्यात, दिसत नाही का तुला?”

त्याला दिसत होतं. त्याने बोटीचा वेग वाढवला.

६

आता मी घरात वास शोधू लागलो आणि तो मला मिळू लागला. तिच्या टॉवेलला. फोनला. चहाच्या कपाला, धुतल्यानंतरही. तिची उशी सकाळी हात लावू नये इतकी ओली असायची. मी ती चिमटीत धरून उन्हात टाकायचो. बोलताना ती मध्येच थांबून गिळायची. पूर्वी असं नव्हतं. एका वाक्यात एकदा, मग दोनदा.

रविवारी आम्ही खिडकीशी जेवत होतो. खाली रस्त्यावरून पर्यटकांचा घोळका चालला होता, टोप्या घातलेली, उन्हाने लाल झालेली माणसं. ती बोलता बोलता थांबली. घोळका कोपऱ्यावर वळेपर्यंत त्यांच्याकडे बघत राहिली, आणि तिच्या हनुवटीवरून लाळेची एक लांब तार सुटून ताटात पडली. तिला कळलंही नाही. तिने त्यातच चमचा घातला आणि घास उचलला.

मी उठून मोरीत ओकलो. मला माझ्या लेकीची किळस आली होती. तिचा शेंबूड मी याच हातांनी पुसलाय, तिच्या तापात तिची ओकारी उपसलीय, आणि कधी नाक धरलं नाही. आता तिने पाठीवर हात ठेवला तर मी अंग चोरलं. तिने ते बघितलं आणि हात मागे घेतला.

“बाबा, काय झालं?” तिचा आवाज अगदी लहान झाला. “माझं काही चुकलं का?”

“नाही गं. तुझं काही नाही.”

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरबाईंच्या टेबलासमोर उभा होतो. किल्ला मला परत द्या, मी म्हटलं. तिला संग्रहालयात घ्या, दीपगृहावर घ्या, कुठेही घ्या.

“आणि पाणी?”

“पिईन.”

“नाटक नको हं. एक जरी तक्रार आली, तरी मुलगी परत किल्ल्यावर.”

“खरंच पिईन. पोटभर पिईन.”

घरी येऊन लेकीला सांगितलं. मला वाटलं होतं भांडेल. ती माझ्याकडे बघत दोनदा आवंढा गिळून म्हणाली, “मग मी काय पिऊ?”

७

सकाळी तिला मी स्वतः संग्रहालयाच्या दारात सोडलं. ती आत जाऊन डॉल्फिनच्या शेजारी उभी राहिलेली पाहिली, मगच धक्क्यावर गेलो. बोटीत दोन म्हाताऱ्या बहिणी होत्या, एक नवं जोडपं होतं, एक मोठं कुटुंब होतं. मी विनोद केले. ते हसले. बोटवाला माझ्याकडे बघायचं टाळत होता.

सगळा किल्ला फिरवून झाल्यावर कमानीखाली मी सगळ्यांना जिन्यावर उभं केलं आणि एकटा पाण्यापर्यंत उतरलो. पाणी जेमतेम वर आलेलं होतं. स्थिर, आणि थोडंसं गढूळ. मी ठरवलं होतं की मन दुसरीकडे ठेवायचं. लेकीचं लहानपण आठवायचं, आणि गिळायचं. रोज एक ओंजळ. माणसं याहून वाईट काहीबाही गिळून संसार करतात.

मी हात बुडवले. ते पाणी अंगाइतकंच गरम होतं. ओंजळ भरली, आणि ती उचलण्याआधी खालून काहीतरी माझ्या हाताला लागलं.

मऊ होतं, जाड होतं, वरून खरखरीत. ते माझ्या तळव्यांखालून सावकाश फिरलं. बोटांच्या बेचक्यांत शिरलं, प्रत्येक बोट पुसून बाहेर आलं, मनगटापर्यंत आलं आणि तिथे थांबलं. मी ओरडलो नाही. माझ्या पाठीशी माणसं होती आणि मला हसायचं होतं. मी ती ओंजळ वर आणली, तोंडाला लावली आणि गिळली. सगळी गिळली. “आहा,” मी म्हटलं. “गोड आहे. या!”

आणि पाणी माझ्यापासून मागे हटलं. आधी पायावरून, मग पायरीवरून, मग खालच्या पायरीवरून, भराभर, त्या पिवळट पायऱ्या उघड्या पडेपर्यंत. तळाशी एक जोरदार खाकरल्यासारखा आवाज झाला आणि माझ्या पायांवर चिकट थेंब उडाले. मला चाखून थुंकून टाकलं होतं. जन्मभर मी ज्या तोंडाने लोकांच्या ताटाकडे बघितलं, त्याच तोंडाने कुणीतरी माझ्याकडे बघितलं होतं.

“अरे! पाणी कुठे गेलं?” वरून कुणीतरी विचारलं.

मग पाणी परत वर येऊ लागलं. इतक्या वेगाने ते वर येताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला वळून बघायची गरज नव्हती, तरी मी वळलो. जिन्याच्या तोंडाशी, लोकांच्या मागे, माझी लेक उभी होती. तिच्यामागे बोटवाला होता. “ऐकेचना हो,” तो तिथूनच ओरडला. “फोनवर रडत होती. म्हणून परत जाऊन घेऊन आलो.”

ती लोकांतून वाट काढत खाली येऊ लागली. हनुवटी ओली, ड्रेसचा गळा ओला. मी दोन्ही हात दोन्ही भिंतींना लावून जिना अडवला. “वर जा,” मी म्हटलं. “पोरी, वर जा. बाबांचं ऐक.” कोमट पाणी माझ्या गुडघ्यांपर्यंत आलं होतं. जोडप्यातल्या मुलाने मोबाईल वर धरला. बापलेकीचा काहीतरी खेळ चाललाय असं त्यांना वाटत असावं, कारण ते हसत होते.

“बाबा,” ती अगदी जवळ येऊन म्हणाली. तिने गिळलं. “तुम्हाला नाही ना आवडत. मग मला पिऊ द्या ना.”

तिने माझा गाल कुरवाळला. ओला, चिकट, वास येणारा हात होता तो, आणि माझं अंग माझ्याआधी मागे झालं. एका बाजूचा हात भिंतीवरून सुटला. तेवढी जागा तिला पुरली. ती माझ्या काखेखालून वाकून खाली गेली.

शिंतोडा उडाला नाही. नुसता गिळल्याचा आवाज आला. मोठा, सावकाश, समाधानाचा. जिन्याच्या भिंती त्याने थरथरल्या आणि माझ्या गुडघ्यांभोवतीचं पाणी एकदा आत ओढलं गेलं, मग स्थिर झालं. मी वळलो. पाणी नेहमीच्या पायरीवर होतं. स्वच्छ, नितळ, तळ दिसेल इतकं नितळ, आणि तळाशी साधा तासलेला दगड होता. मी त्यात उतरलो, छातीपर्यंत उतरलो, हातांनी चाचपत राहिलो. दगडाशिवाय हाताला काही लागलं नाही.

“ताई गेल्या कुठे?” कुणीतरी म्हणालं. “तिकडून वाट असेल बाहेर,” दुसरं कुणीतरी म्हणालं, आणि त्यांचं समाधान झालं. गाईड प्यायला होता, त्याची मुलगीही प्यायला उतरली होती. आता कशाला थांबायचं? ते खाली येऊ लागले, ओंजळी पुढे करून, एकमेकांना ढकलत.

“नका,” मी म्हटलं. “नका पिऊ. माझी पोर आहे त्यात.”

त्या दोन म्हाताऱ्या बहिणींपैकी थोरलीने वाकून ओंजळ भरली. प्यायली. डोळे मिटले, ओठांवरून जीभ फिरवली, आणि धाकटीकडे बघून म्हणाली, “ये गं, घे. छान गार आहे.”